माझा डावा हात आणि ताईंचा पियानो

मी एक जुना टॅप हँडल आहे आणि मला एकच हात आहे. हसू नका, मित्रांनो. पूर्वी जबड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा, असे चांगले दोन होते!

माझे काम आटे पाडण्याचे. टॅप म्हणजे आटे कोरणारी चौकोनी बुडाची पोलादी कांडी; ती जबड्यात घट्ट धरायची आणि लोखंडाच्या भोकात गरागरा फिरवायची. माझे मालक लेथवाले, म्हणजे यंत्रावर लोखंड कातणारे. मी त्यांचा लाडका, म्हणून पेटीतल्या पान्यांसमोर मी नाकाने कांदे सोलत असे.

एकदा मालकांच्या थोरल्या बहिणीच्या पियानोतली एका तारेची खुंटी ढिली पडली. सूर सारखा उतरू लागला. ताई घरी शिकवण्या घेतात. रविवारी शिकवणीच्या मुलींचा कार्यक्रम होता आणि पियानो दुरुस्त करणारा परगावी गेलेला. ताई रडकुंडीला आल्या.

"खुंटीचं डोकं चौकोनी आहे ना? मग झालंच!" मालक म्हणाले.

कसले झाले! तिथे खुंट्यांची ही दाटी. माझा डावा हात शेजारच्या खुंट्यांना अडकू लागला. मालकांनी मला व्हाइसच्या शिकंज्यात आवळले आणि तो हात करवतीने सरळ कापून टाकला. वर खुंटीवर नीट बसावा म्हणून जबडाही कानशीने घासला. पाने मला 'थोटोबा' म्हणू लागले. फार वाईट वाटले.

पण खुंटी फिरली! सूर लागला. तेवढ्यात मालकांनी सवयीने तेलाची डबी काढली आणि खुंटीच्या बुडाशी दोन थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर पार घसरलेला.

"मेल्या, तेल घातलंस?"

"फिरणाऱ्या वस्तूला तेल नको का, ताई?"

"अरे, ती रुतून बसली तरच सूर टिकतो!"

मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी खुंटी काढली, भोक पुसून कोरडे केले आणि लेथवर थोडी जाड खुंटी बनवून ठोकली. ती फिरवताना माझा उरलेला हातही निखळतो की काय असे वाटले.

रविवारी मालक मला खिशात मुठीत धरून उभे होते. एक चिमुरडी वाजवत वाजवत त्या सुरापाशी आली. सूर टिकला. ताईंनी भावाकडे पाहिले आणि मालक उगाच नाक शिंकरू लागले.

आता मी ताईंकडेच असतो. "सूर उतरलाय, ये जरा," म्हणून त्या भावाला सारख्या बोलावतात. सूर उतरलेला नसतो. मी मात्र कुणाला सांगत नाही.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना जपा. पुसा, घासा, अगदीच अडले तर एखादा हातही कापा. पण तेलाची डबी उघडण्याआधी घरातल्या ताईला विचारा. ती नाहीच म्हणेल. तरी विचारा.