सतरंजीचं दुसरं टोक

मित्रांनो, चावडीच्या माळ्यावर उंदरांच्या शेजारी जी जाडजूड घडी पडली आहे ना, ती मीच. मी एक जुनी सतरंजी आहे. नाक मुरडू नका हं! माझे निळे-तांबडे पट्टे एकेकाळी सारं गाव कौतुकानं बघत असे.

माझा जन्म नागपूरच्या तुरुंगातला. हो, तुरुंगातला! तिथल्या मागावर लटारू नावाच्या कैद्यानं मला विणलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि त्यानं चुलतभावावर कुऱ्हाड उचलली होती. विणता विणता तो स्वतःशीच म्हणे, "कोणी आमाले दोघायले खाली बसवून विचारलं असतं, तं मी इथी नसतो." ते वाक्य माझ्या विणीत बसलं ते बसलंच.

मग गडचिरोलीकडच्या या धानाच्या गावानं वर्गणी काढून मला आणलं. आधी चावडीत भांडण मिटवायला जमले की कोणी ओट्यावर बसे, कोणी खाली मातीत. गावातली बायनाबाई कोणालाच भीत नसे. तिनं ठणकावलं, "आता सारे सतरंजीवर बसतीन. ओटा बंद!" आणखी एक रीत तिनंच पाडली. भांडण मिटलं की ज्यांचं भांडण, त्या दोघांनीच माझी घडी घालायची. मी अशी लांब, की एकट्याकडून माझी घडी होतच नाही. समोरच्यानं दुसरं टोक धरावंच लागतं. टोकं जुळवताना दोघं जवळ येत, बोटांना बोटं लागत आणि बहुतेकदा तिथंच कोणीतरी फिसकन हसे. तेवढ्यासाठी मी जगत होते!

पण एका वर्षी शेतकरी देवरावचा धान निसवला, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि पाऊस दडी मारून बसला. देवरावनं कोणाला न विचारता तलावाचं तोंड उघडलं. पाणी त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात गेलं आणि पाण्यासोबत मासे धरणाऱ्या ढीवर इस्तारीची तलावातली मासोळीही वाहून गेली. दोघं माझ्यावर बसले खरे. पण इस्तारी "पाणीचोर" म्हणाला, देवराव उसळला आणि इस्तारी उठून चालता झाला. देवरावनं रागारागात मला एकट्यानंच गुंडाळलं, वाकडंतिकडं, आणि माळ्यावर फेकलं.

नवा जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्या आल्या होत्या. दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्ज दिले. गावाला एसटी एकच, म्हणून तारखेला दोघं एकाच गाडीनं जात, एक पुढच्या बाकावर, दुसरा पार मागच्या! निकाल लागेपर्यंत तलावाला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. मग बाकीचे लोकही आपापली भांडणं घेऊन एसटीत बसू लागले.

आणि मी? खाली चावडीत भांडणं रोज ऐकू येत, पण वर कोणी बघत नसे. एका कोपऱ्यात उंदरीनं पिल्लं घातली. खरं सांगू? मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्यावर बसलं होतं.

पुढच्या वर्षी धान पुन्हा निसवला आणि पुन्हा पाऊस नाही. तलावात पाणी होतं, पण हुकूमही होता. देवरावचा धान वाळू लागला, इस्तारीचं जाळं खुंटीवर लटकलं. तेव्हा बायनाबाई तालुक्याला, हुकूम देणाऱ्या साहेबांकडे गेली आणि परत येऊन चावडीत सांगू लागली, "साहेबाले म्हटलं, अर्ज घ्याच्या आधी दोघायले एकदा गावात बसवा, असा कायदाच करा. तं म्हणते, असा नियम नाई बाई. मी म्हटलं, मंग करा ना! नियम काय मोहाच्या झाडाले लागते?"

सगळे हसले. माळ्यावर मीसुद्धा!

साहेबांनी वर लिहितो असा शब्द दिला आणि रविवारी ते स्वतः आले. खुर्ची आली, पण बायनाबाईनं बघितलं मात्र, साहेब मुकाट्यानं माझ्यावर येऊन बसले. मला माळ्यावरून उतरवून उलगडलं होतं खरं, पण अंगभर वाकड्या सुरकुत्या.

इस्तारी म्हणाला, "एकट्यानंच घडी घातली का गा, देवरावभाऊ?"

"तू पळाला मंग काय करू?"

मग इस्तारीच माझ्या सुरकुत्यांवरून हात फिरवत म्हणाला, "तलावाच्या तोंडाशी मी जाळं बांधतो. पाणी जाऊ दे, मासोळी थांबंन. पण तळ उघडा पडाच्या आत तोंड बंद कराचं."

"करतो ना! पण हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलं कुठी?"

त्याच दिवशी साहेबांनी हुकूम उठवला. देवरावनं माझं एक टोक उचललं आणि उभा राहिला. दुसरं टोक जमिनीवरच. माझा जीव त्या टोकाशी गोळा झाला, मित्रांनो! इस्तारी वाकला आणि त्यानं ते धरलं.

आता माझी घडी सरळ आहे. पण मी परत माळ्यावरच. नियम अजून झालेला नाही आणि सकाळची एसटी अजून भरून जाते. तुम्ही मोठे होऊन साहेब झालात, तर अर्जावर शिक्का मारण्याआधी दोघांना एकदा सतरंजीवर बसवा. तोवर घरात भांडलात तर निदान एखादी चादर घ्या आणि दुसरं टोक पुढं करा.

मी इथंच आहे. फक्त येताना दोघं मिळून या, एकट्याकडून माझी घडी होत नाही.