पंगत मोडणारा

गुणाजीला पंगतीत बसायची अक्कल नव्हती, आणि ती त्याला कधी येईल ही आशा सगुणाबाईंनी केव्हाच सोडली होती. पोटचा थोरला पोरगा, पण पानावर बसला की मागे पोलीस लागल्यासारखा जेवायचा. शेजारचा वरणभात कालवतोय तोवर ह्याचा ताकभात झालेला, आणि शेजाऱ्याने दुसरा घास उचलेपर्यंत हा नळावर हात धुतोय. पंगतीतून एक उठला की पंगत मोडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वाढपी बादल्या उचलतात, म्हातारीकोतारी अर्ध्या पोटी हात आखडतात. कारखान्यात पाळीचं काम करून तशी सवय लागली, असं त्याची बायको म्हणायची. त्यावर सगुणाबाईंचं म्हणणं, त्या कारखान्यात हजार माणसं आहेत, पंगत मोडणारा हा एकच.

घरच्या घरात होतं तोवर चाललं. पण सरस्वतीच्या डोंबिवलीच्या घराच्या वास्तुशांतीला ह्याने तेच केलं. सरस्वती एकुलती एक मुलगी, तिचं सासर घाटावरचं, मानापानाला टपलेलं. सासऱ्यांच्या पानात जिलबी नुकती पडलेली आणि समोर गुणाजी ढेकर देऊन उभा. सासरे जिलबीकडे बघत उठले. पुढे कितीतरी दिवस ती जिलबी त्या घरात रोज निघायची. तेव्हापासून बहीण भावाशी बोलत नव्हती, आणि भावाला आपण काय केलं हेच कळत नव्हतं, त्यामुळे तोही बोलत नव्हता. शीळफाट्याचा चंदू, सगुणाबाईंच्या दिराचा मुलगा, कुणाची बाजू घ्यावी हे न सुचून दोघांपासूनही लांब राहिलेला. काही सांगायचं झालं तर तिघंही बाळकुमला सगुणाबाईंना फोन करायचे. एकमेकांना कोणी फोन करत नव्हता.

अशा घरात धाकट्या दामाजीने क्लास काढला.

तशी कल्पना वाईट नव्हती, आणि ती दामाजीची नव्हती म्हणूनच वाईट नव्हती, असं सगुणाबाई बोलायच्या. शिकवणारी होती दामाजीची बायको चित्रा. गणित आणि रसायन ती असं शिकवायची की बाळकुमच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी मासेमारीची जाळी टांगलेली असायची, तिथे पाय ठेवायला जागा उरायची नाही. पण चित्रा एक आणि गावं चार. दामाजी कॉम्प्युटरवाल्या कंपनीतून नोकरी सोडून आलेला. त्याने टेलिफोनच्या भाड्याच्या लाईनी घेतल्या, एक कळव्याला, एक शीळफाट्याला, एक डोंबिवलीला, तिन्हीकडे एकेक पेटी नि कॉम्प्युटर बसवला, आणि तिन्हींची टोकं बाळकुमला एका पेटीत खोचली. चित्राने बाळकुमला बोलायचं, पाटीवर लिहायचं, आणि तिचा चेहरा, आवाज नि आकडे तिन्ही गावांत एकाच वेळी पडद्यावर उमटायचे. कळव्याची शाखा गुणाजीच्या घरात, शीळफाट्याची चंदूच्या गाळ्यात, डोंबिवलीची सरस्वतीच्या हॉलमध्ये.

सरस्वतीला त्या क्लासची गरज सगळ्यांत जास्त. सासरी तिला पहिल्यांदा कोणी बाई म्हणून विचारत होतं. बारावीची पोरं चपला काढून "मॅडम" म्हणत आत यायची, आणि सासरे पेपर बाजूला ठेवून बघायचे. जिलबी हळूहळू मागे पडत चालली होती.

मग जानेवारीत रोग लागला. गणित नीट व्हायचं. मधली सुट्टी संपून रसायन सुरू झालं की थोड्या वेळाने डोंबिवलीचा पडदा गोठायचा. चित्रा तोंड उघडून अर्ध्या शब्दावर थांबलेली. जरा वेळाने पुन्हा चालू, चार वाक्यं, पुन्हा गप्प. उचकी लागल्यासारखं. पोरं हसायला लागली. डोंबिवलीचे पालक हसत नव्हते. ते दोन दोन करून यायचे, हाताची घडी घालायचे आणि "आम्ही तक्रार करत नाही, नुसतं विचारतोय" असं म्हणून तक्रार करायचे. शेवटी त्यांनी सरस्वतीला स्वच्छ सांगितलं की येत्या शनिवारी आम्ही स्वतः मागच्या बाकावर बसू, रसायन पुरं झालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मुलं दुसऱ्या क्लासला. परीक्षा तोंडावर आलेली. त्यांचंही चूक नव्हतं. सासऱ्यांनी पुन्हा पेपर उघडला होता.

दामाजी स्कूटर काढून डोंबिवलीला पळाला. सकाळी गेला, लाईन तपासली, इथून हाक मारली की बाळकुमची पेटी ओ द्यायची, तिथून मारली की इथली. तिन्हीकडची मशीनं चालू ठेवायला लावून चित्राला बोलायला सांगितलं, दोन तास खणखणीत चाललं. तो घरी येऊन हुश्श म्हणतोय तोवर संध्याकाळी सरस्वतीचा फोन. दुसऱ्या दिवशी त्याने डोंबिवलीची पेटी बदलली. तिसऱ्या दिवशी वायर बदलली. मग त्याने टेलिफोनवाल्यांना दोष दिला, त्यांनी येऊन लाईन तपासली, लाईन ठणठणीत निघाली, आणि दामाजीने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सगुणाबाई ओट्यावर जवळा निवडत हे सगळं बघत होत्या. डॉक्टर सकाळी येतो आणि ताप संध्याकाळी चढतो, असा हा इलाज, असं त्या चित्राला ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या.

चंदूचाही पडदा गोठत होता, हे दामाजीला माहीतच नव्हतं. सगुणाबाईंना माहीत होतं, कारण फोन ओट्याच्या खिडकीत होता आणि तो त्याच उचलायच्या. चंदूला वाटायचं, डोंबिवलीला नीट जातं, बहीण लाडकी, आपल्यालाच उरलंसुरलं. सरस्वतीला वाटायचं तेच, फक्त उलटं. दोघांनी एकमेकांना एक फोन केला असता तर कळलं असतं, पण तोंडाला कुलपं. सगुणाबाईंनी दामाजीला सांगितलं तेव्हा त्याने हातातलं पेचकस खाली ठेवलं.

"दोघांचंही एकाच वेळी बंद पडतं? आणि हे तू मला आज सांगतेस, आये?"

"तू विचारलंस का? तू पेटीला विचारत होतास."

एवढ्याने रोग सापडला असं नाही. दोन गावं एकदम बंद पडतात म्हणजे दोष बाळकुमला, असं म्हणून दामाजीने बाळकुमची पेटी उघडली, पुसली, बंद केली. पण एक गोष्ट चित्राच्या लक्षात आली. शुक्रवारी कधी तक्रार येत नाही. सगुणाबाईंनी त्याचं श्रेय गावदेवीला दिलं, कारण शुक्रवारी त्या नारळ ठेवायच्या. चित्रा म्हणाली, शुक्रवारी कळव्याची लाईट जाते, कळव्याचा वर्गच भरत नाही.

कळवा. हे नाव ऐकताच सगुणाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळव्याला कॉमर्सची पोरं, त्यांना फक्त गणित लागतं. गणित संपलं की ती घरी जातात, गुणाजी कॉम्प्युटर बंद करतो आणि रात्रपाळीला निघतो. आणि नेमकं त्याच्यानंतर बहिणीचं बंद पडतं. ह्याला योगायोग म्हणायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. पोरगा डूख धरून होता. बहीण बोलत नाही म्हणून तिच्या ताटात माती कालवत होता. दामाजी सांगत राहिला की असं कळव्याहून डोंबिवलीचं तोडता येत नाही, दोघांच्या मध्ये वायरच नाही. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं नाही. शनिवारी दुपारी त्यांनी नवी चोळी काढली, दामाजीला स्कूटर काढायला लावली आणि मुलाला रंगेहाथ पकडायला कळव्याला निघाल्या.

गुणाजीने आईला बघून खुर्ची पुसली. पोरं गणित सोडवत होती. पडद्यावर चित्रा होती. सगुणाबाई खुर्चीवर न बसता दाराशी उभ्या राहिल्या, पळून जाईल तर अडवायला. गणित संपलं, पोरं मधली सुट्टीभर गप्पा हाणून वह्या घेऊन निघाली. गुणाजी कॉम्प्युटरपाशी गेला, दामाजीने शिकवलं होतं तसं माऊसच्या बाणाने बंदचं बटण दाबलं, पडदा काळा होऊ दिला, मग त्यावर बायकोने शिवलेलं झालरीचं फडकं घातलं. पेटीचा हिरवा दिवा तसाच जळत राहिला, तिला हात लावू नको असं दामाजीनेच बजावलेलं. गुणाजीने डबा उचलला.

चोरी करताना माणूस फडक्याच्या झालरी सारख्या करत नाही. सगुणाबाईंना हे दिसलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही, कारण वाटभर जुळवून आणलेल्या शिव्या आता वाया जाणार होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. चित्रा बाळकुमहून बोलत होती. सरस्वतीचा रडवेला फोन आलेला, रसायन नुकतं सुरू झालं आणि पडदा गोठला, मागच्या बाकावर पालक घड्याळं बघतायत.

दामाजी जमिनीवर बसला. पेटीच्या दिव्याकडे बघत तो आधी स्वतःशी आणि मग मोठ्याने बोलायला लागला. बाळकुमची पेटी पाठ एकदाच पाठवते. कुणाला नको झालं की त्याची पेटी "नको" कळवते. मग बाळकुमची पेटी क्षणभर थांबते, की दुसऱ्या कुणाला हवं असेल तर त्याने ओरडावं, मला हवंय, बंद करू नका. एका खोलीतल्या पेट्यांसाठी ही रीत ठीक, त्या एकमेकींचं ऐकतात. पण इथे कळव्याचं "नको" फक्त बाळकुमला ऐकू येतं. डोंबिवलीला पत्ताच नसतो, शीळफाट्याला नसतो. कोणी ओरडत नाही. मग बाळकुमला वाटतं, सगळ्यांचंच झालं. थोड्या वेळाने ती पुन्हा वाढून बघते, कळव्याची पेटी पुन्हा "नको" म्हणते, आणि पुन्हा सगळ्यांचं बंद. उचकी ती हीच. शुक्रवारी लाईटच नाही, तर "नको" म्हणायला कोण?

"माझं चुकलं," दामाजी म्हणाला. "प्रत्येकाचं हवं-नको वेगळं धर, असं बाळकुमच्या पेटीला सांगायला हवं होतं. मी तिघांना एका पंगतीत बसवलं."

सगुणाबाईंना त्या पेट्यांमधलं काही कळलं नसलं तरी हे शेवटचं कळलं. म्हणजे वाढपी मूर्ख, आणि एक उठला की बादली उचलणारा. आणि उठणारा कोण, तर जो जन्मापासून उठत आला तोच. वास्तुशांतीचीच जिलबी पुन्हा.

पेटीला शहाणपण शिकवायचं तर बाळकुमला जायला हवं होतं, आणि तोवर रसायन संपलं असतं. आत्तापुरता एकच उपाय होता. कळव्याने "हवंय" म्हणायचं. दामाजीने फडकं काढलं, कॉम्प्युटर चालू केला, आणि थोड्याच वेळात रिकाम्या बाकांसमोर चित्रा आम्लांबद्दल बोलायला लागली. सगळे फोनपाशी थांबले. बाळकुमच्या फोनवर चित्राने घाईत नेमलेल्या एका विद्यार्थिनीने कळवलं की डोंबिवलीला चालू झालं, चंदूकडेही.

गुणाजीने पुन्हा डबा उचलला. मशीन चालू राहू दे, मी निघतो, पाळी चुकेल, असं तो म्हणाला. दामाजीही म्हणाला, मशीन चालू असलं की झालं, माणसाची गरज नाही.

सगुणाबाईंनी दार लावून घेतलं. मग त्यांनी थोरल्याला नीट निरखलं. केस पांढरे व्हायला लागलेला, पायात कारखान्याचे बूट, हातात डबा, आणि तोंडावर तोच भाव, वास्तुशांतीच्या दिवशी नळावरून हात झटकत आला तेव्हाचा. आता काय झालं, म्हणणारा.

"ठेव तो डबा."

"आये, पाळी..."

"पाळी उद्या पण आहे. बहिणीची पंगत आज बसलीय." त्यांनी पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. "मी आज तुला लबाड म्हणायला आलेली. वाटभर तेच घोकत आलेली. पण तू लबाड नाहीस, गुणाजी. लबाडाला निदान दुसऱ्याचं ताट दिसतं, म्हणून तो त्यात माती टाकतो. तुला दुसऱ्याचं ताटच दिसत नाही. आपलं पोट भरलं की तुझ्या लेखी जगाचं जेवण झालं. त्या पेटीला अक्कल नाही, तिला दामाजी आज शिकवेल. तुला मी शिकवून थकले. तेव्हा कळो न कळो, बस तिथं. चित्रा संपलं म्हणेपर्यंत तुला उठायचं नाही."