नोंदवहीतली काकडी

साईनाथला मूर्ख म्हणताना गावात कोणाची जीभ अडखळत नसे. सकुबाई तेवढी म्हणत नव्हती. तो तिच्या पोटचा होता, आणि आपल्या पोटातून मूर्ख निघाला हे कबूल करायला ती तयार नव्हती. दोन हजार तीन सालच्या रोहिणी लागल्या आणि कबूल करावं लागलं.

अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर साईनाथ वर्षभर ओट्यावर बसून होता. मग ठाण्याहून एक संस्था आली. संस्था म्हणजे एक जीप, दोन मॅडम आणि एक कापडी फलक. बायकांनी घरामागच्या परसात भाज्या लावाव्यात, हे सांगायला ती मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या बाजूच्या या गावात आली होती. आणि सांगत कोणाला होती, तर ज्यांच्या आज्याही परसातल्या भाजीवर पोरं वाढवून मेल्या त्यांना. बायकांनी मुकाट ऐकून घेतलं, कारण चहा मिळणार होता. शेवटी प्रत्येक गावाला एक 'बियाणे मित्र' नेमायचं ठरलं. बी राखणाऱ्या सगळ्या बायका, पण मित्र निवडला पुरुष, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. साईनाथला गळ्यात अडकवायला फोटोचा बिल्ला मिळाला आणि एक जाड नोंदवही.

आता सकुबाईच्या घरात बी कुठं आहे हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. चुलीमागची कुडाची भिंत हीच तिची वही. वेलांचं बी ती ओल्या शेणात कालवायची आणि त्याच्या चाक्या करून भिंतीवर थापायची. काकडीच्या चाकीवर एका बोटाचा ठसा, दुधीच्या चाकीवर दोन बोटांचा, शिराळ्याच्या तीन, घोसाळ्याच्या चार. वर्षभर चुलीचा धूर खाऊन त्या चाक्या दगडासारख्या व्हायच्या. कीड तिकडं फिरकत नसे. वांगी, भेंड्या, मिरच्या वाशाला अख्ख्या टांगलेल्या. वाल आणि चवळी राखेत, मडक्यात. आणि कोणतं बी कोणाच्या घरी गेलंय, ते डोक्यात. दुधी शेजारच्या राहीकडं, शिराळं सुंदराकडं, घोसाळं देवळामागच्या घरात. एकीचं बी गेलं तर दुसरीच्या घरून आणायचं, अशी गावाची रीत. कोणी नाही म्हणत नसे.

फक्त काकडी या रितीत नव्हती.

ती काकडी सकुबाईच्या सासूनं माहेरून आणलेली. हातभर लांब, पिकून तपकिरी झाली तरी आतून करकरीत, माळ्यावर ठेवली तर शिमग्यापर्यंत टिकायची. तिच्या पातोळ्या हळदीच्या पानात उकडायला ठेवल्या की वास रस्त्यापर्यंत जायचा. बायका मागायला यायच्या. सकुबाई फोडी द्यायची, नाही असं नाही, पण आधी आतला गर बियांसकट कोरून काढायची. "बी नाय गो उरलं औंदा," असं तोंडावर सांगायची, आणि मागं भिंतीवर आठ चाक्या. गावाला ते ठाऊक होतं. 'सकुची काकडी' म्हणायचे, आणि ते ऐकून ती फुगायची.

त्या फाल्गुनात शहापूरला तिच्या बहिणीचा, बारकीचा पाय मोडला. सकुबाई महिनाभर तिकडं गेली. साईनाथला रान मोकळं मिळालं. मॅडम कॅमेरा घेऊन पाहणीला येणार होत्या आणि भिंतीवर शेण. त्यानं खुरपं घेतलं आणि एकूण एक चाकी खरवडून काढली. बादलीत भिजवली, चोळली, बी दोन पाण्यांनी धुतलं, पत्र्यावर दुपारभर वाळवलं. मुरबाडच्या फोटो स्टुडिओतून रोलच्या काळ्या डब्या फुकट आणल्या. चौतीस डब्या. टांगलेली वांगी-मिरच्याही फोडून त्यात भरल्या. मडकी तेवढी वाचली, कारण ती माळ्यावर मागं होती आणि त्याला शिडी चढायचा कंटाळा.

बायको म्हणाली, "अहो, आई येऊ द्या. मग करा काय ते."

"आईला काय कळतं? उद्या आई नसली तर कुठलं बी कुठलं, कोण सांगणार? सिस्टम पाहिजे, स्नेहल."

सिस्टम म्हणजे कागदाच्या चिठ्ठ्या. त्यावर एक ते चौतीस आकडे, आणि डिंक घरात नव्हता म्हणून भाताच्या खळीनं डब्यांना चिकटवलेल्या. वहीत मात्र नंबरापुढं सगळं: नाव, रंग, आकार, तारीख, बी कोणाकडून मिळालं. डबीवर नाव लिहिलं असतं तर वहीची गरज उरली नसती, आणि वहीची गरज उरली नसती तर साईनाथची कशी उरली असती? मॅडमनी डब्यांचा फोटो काढला. साईनाथला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला. पहिला ज्याला मिळाला त्यानं दुकानातली पाकिटं आणून मांडली होती.

सकुबाई परतली तेव्हा भिंतीला चुना लागला होता.

"माझं बी कुठं हाय रे?"

"आहे की आये. बघ, एकवीस नंबर, काकडी. वहीत सगळं आहे."

तेव्हाच तिनं खुरपं उचलून त्याच्या पाठी लागायला हवं होतं. पण भिंतीवर प्रशस्तिपत्र लटकत होतं, त्यावर आपल्या लेकाचं नाव आहे असं सुनेनं सांगितलं, आणि ही बाई विरघळली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन, "आमच्याकडं आता सगळं नंबरानं असतं," असं सांगून आली. अंगठा उठवणारी बाई, तिला नंबरांचं कौतुक.

रोहिणी लागल्या तसं तिनं बी मागितलं. साईनाथनं वही काढली, पेटी उघडली आणि डब्या उलटसुलट करून बघू लागला.

"काय झालं?"

"चिठ्ठ्या नाहीत."

"कुठं गेल्या?"

"झुरळांनी खाल्ल्या वाटतं."

भाताची खळ झुरळांना आवडते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. चौतीस काळ्या डब्या, सगळ्या सारख्या, आणि मांडीवर वही, सुवाच्य अक्षरात. एकवीस नंबर कुठला, ते वहीला माहीत होतं का डबीला माहीत होतं, कोण जाणे.

"हाण ती वही तिकडं," सकुबाई म्हणाली. "बी बघून मला कळतं."

कळलंही असतं. पण पहिली डबी उघडली आणि वास आला. धुतलेलं बी, अर्धवट वाळलेलं, गच्च झाकणात तीन महिने. पांढरी बुरशी, बियांचा गोळा झालेला. दुसरी तशीच. एकेक करून तिनं चौतीस झाकणं काढली. काकडीची डबी सापडली तेव्हा तिनं बरं दिसणारं बी निवडलं, ओल्या फडक्यात बांधलं, उबेला ठेवलं. चार दिवसांनी फडकं सोडलं. एकालाही कोंब नव्हता.

"मूर्खा," ती साईनाथला म्हणाली. शांतपणे म्हणाली. त्यानं मान खाली घातली नाही. म्हणाला, "क्लायमेटचा इफेक्ट असतो, आये."

बाकीचं बी एका सकाळीत परत आलं. राहीनं दुधी दिला, सुंदरानं शिराळं, देवळामागच्या घरातून घोसाळं. पदर भरला. काकडी कोणाकडं मागणार? कोणाला दिलीच नव्हती. चाळीस वर्षं गर कोरून काढला होता.

संध्याकाळी भाकरी थापताना स्नेहल म्हणाली, "आई, ती वर डोंगरातल्या ठाकूरवाडीवरची भिमी नाय का. गेल्या भादव्यात काकड्या विकायला आली व्हती. आपल्यासारख्याच दिसत व्हत्या. तुमी म्हनलात, रानटी हायेत, घेऊ नको."

सकुबाईनं चुलीत लाकूड सारलं. तिला आठवत होतं. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी भिमी मध घेऊन आली होती. सकुबाई ओट्यावर वाडग्यात काकडीचं बी पारखत होती. बुडेल ते चांगलं, तरंगेल ते पोचट. भिमीनं मधाच्या बदल्यात थोडं बी मागितलं. सकुबाईनं वरचं तरंगणारं ओंजळीनं काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "घे. पेर तुमच्या खडकात." मग रात्री जेवताना घरात सांगून हसली होती.

दुसऱ्या दिवशी ती सिद्धगडाकडच्या वाटेला लागली. वाडी दोन तासांच्या चढावर. गुडघे बोलत होते, पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की आपण, चार खंडी भात पिकवणाऱ्या घरातली, वाडीवर मागायला चाललोय. वाडीवरच्यांनी खाली यायचं असतं, ही तिची समज. ती चुकीची आहे असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

भिमीचा नवरा लखमा अंगणात टोपलीसाठी बांबू सोलत बसला होता. त्यानं आत हाक दिली, "भिमे, गाव आला गो वर."

भिमी बाहेर आली, पदराला हात पुसत. पाण्याचा तांब्या दिला. सकुबाईनं तो घेतला आणि खाली ठेवला.

"काय काम काढलंस, बाय?"

"असंच."

"असंच हितं कोन येत नाय. टपालवाला पन खालून हाक मारतो."

"काकडीचं बी पायजे व्हतं."

"कोनाला?"

"मला."

लखमाचा कोयता थांबला. भिमी म्हणाली, "तुजी कुठं गेली?"

सकुबाईनं सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण एकदा सुरू झाल्यावर खुरपं, बादली, झुरळं, सगळं निघालं.

"डबीत? फोटोवाल्याच्या?" लखमा म्हणाला. "मंग फोटो तरी बरा आला आसंल."

भिमी हसली नाही. ती समोर बसली. "तू मला दिलं ते पोचं व्हतं."

सकुबाई खाली ठेवलेल्या तांब्याकडं बघू लागली.

"मला ठाव व्हतं. पान्यावरनं काढलंस ना, मी बघत व्हते. तरी आनलं. एकोनीस बिया. दोन उगवल्या. एक येल शेळीनं खाल्ला. दुसऱ्याला तीन काकड्या लागल्या. पोरं रडली, पन एक कापली नाय. तिन्ही बियाला ठेवल्या."

"आता तुज्याकडं लई हाय?"

"वाडीत सगळ्यांकडं हाय. हनुमानाकडं, बुधूकडं, पल्याडच्या वाडीत माज्या भनीकडं. माजं उंदरानं खाल्लं त मी कुठं जाऊ? तुज्याकडं?"

भिमी आत गेली, वाळक्या दुधीची तुंबी घेऊन आली, बोळा काढला. राखेत मिसळलेलं बी तळहातावर घेतलं. सकुबाईनं पदर पुढं केला. भिमीनं मूठ मिटली.

"खाली गावात काय सांगशील?"

"काय सांगायचं?"

"काकडी कोनाची म्हून."

"माज्या सासूची हाय ती. सगळं गाव वळखतं."

"सासूची व्हती. तुज्या पोरानं मारली. ही माजी."

सकुबाईला उठून जावंसं वाटलं. हात जमिनीला टेकवून ती अर्धी उठलीही. समोर ती मूठ होती, आणि त्या मुठीत तिची चाळीस वर्षं होती, जी आता तिची नव्हती. लखमा मान खाली घालून बांबू सोलत होता. पण कान इकडंच.

"तुजी," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल. मी म्हातारी झाले."

"तुजी काकडी. भिमीची."

भिमीनं मूठ पदरात सोडली. आत जाऊन आणखी एक मूठ आणली, तीही घातली. वर म्हणाली, "जपून उतर. त्या वाटंला खडे हायेत."

सकुबाई घरी पोचली तेव्हा साईनाथ ओट्यावर वही उघडून बसलेलाच होता. पदराला गाठ बघून त्यानं पेन काढलं.

"मिळालं? बरं झालं. मॅडम सोमवारी येणार आहेत. कोणाकडून मिळालं, काय लिहू?"

"लिही. भिमी लखमा. ठाकूरवाडी."

तो खाली वाकून लिहू लागला. सकुबाई बाजूला उभी राहिली, अक्षर कळत नव्हतं तरी बघत. चढ चढून, पाणी न पिता, तोंडानं कबूल करून आणलेलं बी, निदान कागदावर तरी ज्याचं त्याला जावं.

स्नेहल पाणी घेऊन आली. तिनं वहीवर नजर टाकली आणि थबकली.

"तिथं 'घरचं' लिहिलंय," ती म्हणाली.

"मग काय लिहू?" साईनाथ चिडला. "बियाणे मित्राच्या घरात वाडीवरून बी आणलं, असं लिहू? संस्थेत काय दिसेल ते? आये, तुझंच नाव राखतोय मी. पारंपरिक, घरचं."

सकुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. बिल्ल्यातला त्याचा फोटो त्याच्याहून शहाणा दिसत होता. तिला वाटलं, याला शिव्या घालाव्यात. मग वाटलं, या अक्कलशून्यावर तोंड कशाला झिजवा. आणि त्याखाली आणखी एक वाटलं, जे तिला अजिबात आवडलं नाही: 'घरचं' ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं होतं.

ती पेल्यातलं पाणी पिऊन मागं परसात गेली. राही कुंपणापलीकडं आळी खणत होती.

"कुठं गेलतीस गो सकाळपासनं?"

"वाडीवर. काकडीचं बी आनायला."

राही खणायची थांबली. "तू? वाडीवर?"

"व्हय. भिमीची काकडी हाय. तुला पायजे त तू पन चढ, ती देते." तिनं पदराची गाठ सोडली, आणि मग गाठीतलं थोडं बी कुंपणावरून पुढं केलं. "नायतर हे घे."

राहीनं हात पुढं केला नाही. चाळीस वर्षं शेजारी राहून काकडीचं बी घेऊन पहिल्यांदा पुढं आलेल्या मुठीकडं ती संशयानं बघत होती.

"आन तुजी गो? तुजी काकडी?"

"माजी मेली," सकुबाई म्हणाली. "घे लवकर. हात दुखतोय."