धुतलेलं घोंगडं

पाटी क्रमांक चार : होडीघर

(चारपासून सुरुवात, कारण पहिल्या तीन पाट्यांच्या वेळी तळेगाव ढमढेऱ्यात रेंजच नव्हती.)

फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. त्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं एक गाव हलत होतं. तांबड्या लाकडी वखारी, त्यांचे पाय पाण्यात, आणि वर ढगांचं झाकण. तात्याबांची नात अपेक्षा तिकडं शिकायला गेलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तिथल्या संग्रहालयात काम करायची, आल्यागेल्याला जुनं गाव फिरवून दाखवायची. आज पाहुणे म्हणजे तिचे आबा, तात्याबाच.

"दिसतंय का आबा? ही होडी वल्ह्यांवर चालायची. इंजिन नाही, काही नाही."

"दिसतंय की. झ्याक हाय," तात्याबा म्हणाले. पण त्यांचा एक हात मांडीखाली होता. तिथं त्यांनी एक घोंगडं दाबून धरलं होतं, फोनला दिसू नये म्हणून.

पाटी नसलेली वस्तू

त्या घोंगड्याचं असं झालं होतं. मेंढरं विकून शेती धरायच्या आधीची ती लोकर. तात्याबांच्या बायकोनं, नकुशीनं, मेंढरांमागं चालता चालता टकळीवर कातलेली. नकुशी गेली, घोंगडं राहिलं. अपेक्षाच्या संग्रहालयात आता लोकरीचं दालन उघडणार होतं आणि तिनं आजीचं घोंगडं मागितलं. आपल्यामागं इथं कोण जपणार? मुलाला, ईश्वरला, तर ते टोचतं. तात्याबा हो म्हणून बसले.

परदेशात जायची वस्तू, मेंढराचा वास कशाला, म्हणून सुनेनं, सुवर्णानं, ते मशीनला लावलं. गरम पाण्यात. घोंगडं धुवायचं नसतं, उन्हात टाकून झटकायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मशीन नवीन होतं आणि मनात माया होती. घोंगड्याला ताठ ठेवणारी चिंचोक्याची खळ निघून गेली. दोन माणसं झोपतील एवढं घोंगडं आटून निम्मं झालं, जाडजूड, गाठीसारखं.

तेव्हापासून सुवर्णा चहा ठेवायची तो खाली मान घालून. तात्याबा तिला एक शब्द बोलले नव्हते, आणि तेच तिला खात होतं. आज अपेक्षाला सांगायचं होतं. आजीच्या हातचं सूत वाया गेलं म्हणून.

पाटी क्रमांक पाच : मासे वाळवायच्या मांडण्या

"अगं, ह्ये तर कोकण!" तात्याबा एकदम पुढं झुकले.

दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते घाट उतरायचे. भाताच्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचा. समुद्राकाठी दोऱ्यांवर बोंबील वाळत असायचे, आणि नकुशी नाकाला पदर लावून म्हणायची, हे लोक आपल्याला वासाचे म्हणतात होय! रात्री त्या एकाच घोंगड्यात दोघं. वारा तिच्या बाजूनं यायचा. तिनं कधी बाजू बदलून मागितली नाही.

"आबा? आवाज येतोय ना?"

"येतोय, बाय. फिरव फुडं."

पाटी क्रमांक सहा : दीपगृह

वारा फार. आज बंद.

पाटी क्रमांक सात : हातमोजे

काचेच्या पेटीत दोन लोकरी हातमोजे. एक भाकरीच्या टोपल्याएवढा, दुसरा माणसाच्या हाताएवढा.

"जोडी चुकलीय," तात्याबा म्हणाले.

"नाही आबा, दोन्ही एकाच मापाचे विणलेले. इथल्या बायका मुद्दाम ढगळ विणायच्या. मग मासेमारीला जाणारे ते खाऱ्या पाण्यात भिजवून चोळायचे. आटत आटत हातावर बसायचे. मग गार वारा आत शिरायचा नाही."

"मुद्दाम आटवायचे?"

"मुद्दाम."

उंबऱ्याशी मेथी निवडणाऱ्या सुवर्णाचा हात थांबला. तात्याबांनी मांडीखालून घोंगडं ओढून काढलं आणि फोनपुढं धरलं.

"ह्ये बघ. तुझ्या आईनं बी आटवलंय. मुद्दाम न्हाई, पर आटवलंय."

अपेक्षाचा चेहरा पडद्याजवळ आला.

"मम्मी," अपेक्षा म्हणाली, "मशीनला लावलंस?"

"वास येत होता गं," सुवर्णा म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं रडू मेथीच्या काड्यांवरच कोसळलं.

"अगं रडतेस काय! आबा, तसंच पाठवा. हातमोज्यांच्या शेजारी मांडू. पाटीसुद्धा लिहून झालीय माझी."

तात्याबांनी घोंगडं खांद्यावर घेतलं. नकुशी गेल्यापासून ते पांघरलं की तिच्याकडची बाजू जमिनीवर रिकामी पडून राहायची. ते ती गोळा करून उशाला घ्यायचे. आता दोन्ही टोकं छातीशी येऊन मिळाली. कुठूनच वारा येईना.

"न्हाई, बाय. ह्ये आता माझ्या मापाचं झालंय. न्हाई द्यायचं."

"मग पाटीखाली काय ठेवू मी? रिकामी काच?"

"तुझ्या आजीची टकळी हाय की फळीवर. ती ने. सूत तिनंच तर काढलं."

सुवर्णा डोळे पुसत उठली. फळीवरून टकळी काढली. धूळ बसलेली, दांडा तेलकट काळा. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि मोरीकडं एक पाऊल टाकलं.

"सुवर्णा."

"जी, मामा?"

"तिला मातुर धुऊ नगंस."