पाच वाजता बाहेर

मित्रांनो, तळहातावर सहज मावेल असा मी एक जुना पितळी बिल्ला आहे. भिलाईत खुर्सीपारजवळ एका ठेकेदाराचं वर्कशॉप होतं. अठ्ठ्याहत्तर साली तिथे पोटावर एकवीसचा आकडा कोरून मला शामसुंदर फिटरच्या हवाली केलं. फाटकापाशी दोन फळ्या होत्या, 'आत' आणि 'बाहेर'. सकाळी तो मला 'आत'च्या खिळ्यावर टांगायचा, घरी जाताना 'बाहेर'च्या. मी जिथे, तिथे माझा माणूस, याचा मला कोण अभिमान होता! येता-जाता तो मला सदऱ्याच्या बाहीने पुसायचा.

काम वाढलं, तसा ठेकेदाराने ओव्हरटाइम कबूल केला. माणसं अंधार पडेपर्यंत राबू लागली. हजेरी ठेवणारा मुन्शी दीनानाथ मात्र पाचच्या ठोक्याला सगळे बिल्ले स्वतःच 'बाहेर' टांगू लागला. ओव्हरटाइमचे पैसे मागितले की फळीकडे बोट दाखवायचा. "पाच वाजता तं तुमी घरी गेले!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आतून माझ्या माणसाच्या हातोडीचा आवाज येई, आणि मी बाहेर लटकलेला. मला फार लाज वाटायची.

शेवटी एक दिवस शामसुंदरने पाचच्या आधीच मला खिळ्यावरून काढून खिशात टाकलं. "घरी जाईन तवाच टांगीन," तो म्हणाला. मुन्शीने पुष्कळ आदळआपट केली, पण मी काही त्याच्या हाती लागलो नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जाड लोखंडी पत्रा घसरून शामसुंदरच्या जोडीदाराच्या, हिरालालच्या पायावर पडला. शामसुंदरनेच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने हात झटकले. हिरालालचा बिल्ला 'बाहेर' होता, म्हणजे तो कामावर नव्हताच! मी मात्र खिशातच होतो, 'बाहेर' टांगलेलो नव्हतो, म्हणून फळीच्या हिशेबानेही आत असलेला साक्षीदार एकच उरला होता, शामसुंदर. दीनानाथ त्याच्याशी गोड बोलत आला. "शामभाऊ, बिल्ला जमा कर. शेठ तुले मिस्त्री करतो म्हनून राहिले. नाहीतर या महिन्याचा पगार भी विसर."

घरी बायको, अन्नपूर्णा, कावली. "दोन पोरी हायेत. त्यायले काय हा बिल्ला खाऊ घालू?"

"आज हिरालाल हाय, उद्या मी असन," शामसुंदर म्हणाला. "तवा तू कोनाले इचारशीन, माहा मानूस कुठं होता म्हनून?"

अन्नपूर्णाने मला पदराने पुसलं आणि त्याच्या खिशात ठेवलं.

शामसुंदरने मिस्त्रीपद नाकारून ते काम सोडलं, पगारावरही पाणी सोडलं. लेबर ऑफिसात मला टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहब, मैं अंदर था. हिरालाल मेरे बाजू में था." तारखांवर तारखा पडल्या. हिरालालला भरपाई मिळाली, पण पाय अधूच राहिला. शामसुंदरला ओव्हरटाइमचा पैसा कधीच मिळाला नाही. पुढे कितीतरी ठेकेदारांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही, ती हौस आता उरली नाही. पण मोठेपणी कधी तुमच्या हाती माणसांची हजेरी आली, तर एवढं करा. दिवस संपला असं लिहिण्याआधी स्वतः उठा आणि आत जाऊन बघा. तिथे कोणीतरी अजून राबत असेल.