ताईंची रजा

महासाथीत ऑफिस घरी आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचा पाहुणा आहे. साथ ओसरली. कंपनीने भाड्याची जागा सोडली आणि पाहुणा कायमचा मुक्कामाला राहिला. विभागप्रमुख साहेबांचं जेवणाचं टेबल गेलं, मग रविवारही गेला. 'घरीच तर आहात' म्हणत तेही हाताखालच्यांना वेळी-अवेळी जुंपू लागले.

एका सकाळी मीटिंगमध्ये हिशेब बघणाऱ्या ताईंचा कॅमेरा बंद होता.

"ताई, कॅमेरा लावा! अंथरुणात लोळत मीटिंग करायची नसते," साहेबांनी सुनावलं. दोघं-तिघं हसले.

कॅमेरा सुरू झाला. ताईंच्या मागे पलंगावर कुणाच्या तरी तोंडावरून चादर ओढलेली होती. शेजारी त्यांचा भाऊ रडत होता.

"पहाटे आई गेली, साहेब. आकडे तेवढे सांगून सुट्टी मागणार होते."

साहेब घाईने म्हणाले, "अरेरे! ताई, हवी तेवढी रजा घ्या."

"हवी तेवढी आता कशाला? गेल्या महिन्यात तिच्या आजारपणासाठी मागितली, तेव्हा ती बोलत होती. तुम्ही म्हणालात, घरीच तर आहात. होतेच की. ती हाक मारायची आणि मी हातानेच 'थांब' म्हणायचे."

साहेबांच्या पत्नी शिक्षिका होत्या. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं.

"अहो, साथीत नाइलाज होता. आता कसला नाइलाज?"

"वरून दबाव असतो गं."

"वरचे तुम्हाला दाबतात, तुम्ही खालच्यांना. मधे कुणीतरी 'नाही' म्हणायला नको? पूर्वी ऑफिसला दार होतं, बाहेर पडलं की माणूस सुटायचा. आता ते दार तुम्हीच लावायला हवं!"

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी ठरवून टाकलं : संध्याकाळनंतर कामाचा फोन नाही, घरात आजारी माणूस असेल तर रजा नाकारायची नाही. वरिष्ठ म्हणाले, "काम अडलं, तर तुमच्या जागी दुसरा बघू." तरी साहेब मागे हटले नाहीत.

ताईंनी मात्र राजीनामा दिला. साहेब भेटायला गेले, तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "बाकीच्यांचं तरी भलं होईल." साहेब उठून आले.

मित्रहो, साथीने ऑफिस घरात आणलं हे खरं. पण घरच्यांच्या हाकेला 'थांब' म्हणायला तिने शिकवलं नाही. ते आपणच आपल्याला आणि एकमेकांना शिकवलं. हाक आली की उठा आणि दुसऱ्यालाही उठू द्या! माणूस गेल्यावर मिळालेली रजा कुणाच्याच कामाची नसते.