दोन काळ्या चकत्या

मायक्रोस्कोपखालची अख्खी काच हिरवीगार चमकत होती, आणि तेच लॅब टेक्निशियन रत्नप्रभाबाईंना खटकलं. घाटंजीकडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या किडनीचा तुकडा होता तो. रोगाला चिकटून चमकणारी अँटिबॉडी लावल्यावर जिथे रोग तिथेच उजेड दिसायला हवा. इथे तर कानाकोपरा उजळला होता.

डॉक्टर स्वानंद यवतमाळात नवीन होते. मायक्रोस्कोपमधून पाहून ते म्हणाले, रोग मोठा आहे, रिपोर्ट लिहून टाकतो. म्हणजे मुलीला जहाल औषध सुरू होणार. पुढे मूल होणंही अवघड.

"हा रोग नाही वाटत, सर. काच धुणं माझ्याच हातून कमी पडलं," बाई म्हणाल्या. "मले एक डाव पुन्हा करू द्या."

तुकडा संपत आलाय, बिघडला तर पोरीला पुन्हा सुई टोचावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंना ते ठाऊक होतं.

उरलेल्या तुकड्यातून दोनच चकत्या निघाल्या. बाईंनी त्या दुप्पट वेळ धुतल्या, अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी सीरममध्ये ठेवल्या. अँटिबॉडीही अधिक पातळ केली. एका चकतीला ती लावलीच नाही, ताडून पाहायला. अँटिबॉडी नीट लागते ना हे कळायला सोबत रोग ठाऊक असलेल्या एका जुन्या पेशंटची काच घेतली. मग उजेडानं चमक मरू नये म्हणून अंधाऱ्या खोलीत काचांपाशी तासभर एकट्याच बसल्या. नवरा, यज्ञेश्वर, गेल्यापासून घरीही त्या अशाच बसत. इथे बसायला निदान कारण होतं.

जुनी काच हवी तिथेच लखलखली. मुलीच्या दोन्ही चकत्या मात्र सारख्याच काळ्या; म्हणजे आधीचा उजेड रोगाचा नव्हताच. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि गोळ्यांनी आटोक्यात येणारा आजार लिहिला.

बाई जेवणाचा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. पुण्याला ऋचाला फोन लावला. लेक मीटिंगमध्ये होती. काही काम होतं का, तिनं विचारलं.

"नाही गं. सहजच."

तेवढ्यात मुलीचा बाप, नेमसिंग, डॉक्टरांच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आला. डॉक्टर देवमाणूस आहे, असं फोनवर गावी कुणाला तरी सांगत होता. मग बाहेर थांबलेल्या मुलीला घेऊन बाकापाशी आला.

"बाई, जरा सरकता का? पोरीचे पाय लय सुजले. लेटू द्या तिले."

बाई उठल्याच. मुलगी आडवी झाली आणि लगेच तिचा डोळा लागला. सुजलेल्या पायांत न चढणाऱ्या तिच्या चपला बापाच्या हातात होत्या. रत्नप्रभाबाई भिंतीला टेकल्या आणि उभ्यानंच, झाकणाचा आवाज होऊ न देता, त्यांनी डबा उघडला.